कॉन्व्हेंटची डायरी : सही करण्याआधी वाचा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इंदूरच्या कॉन्व्हेंट शाळांमधली मुलं नवी डायरी घेऊन घरी येतात. रामबाग असो की सुदामानगर, स्वयंपाकाच्या गडबडीत आई "कुठे करायची?" विचारते, सही करते आणि डायरी दप्तरात जाते. नियमांची पानं तशीच कोरी करकरीत राहतात. पुढे वर्षभर ज्या कुरबुरी होतात, त्यांची उत्तरं बहुतेक वेळा त्याच पानांत असतात. आठवीपर्यंत हे निभावतं. नववीपासून मात्र महागात पडतं, म्हणून हायस्कूलच्या पालकांसाठी हे जरा सविस्तर.

सुरुवात सहीपासूनच करू. डायरीत पालकांच्या सहीचा नमुना घेतलेला असतो. तिथे फक्त बाबांची सही असेल आणि रजेच्या अर्जावर आजोबांनी केली, तर क्लास टीचर अर्ज परत पाठवते. आजोबांवर तिचा अविश्वास नसतो. मुलं स्वतःच सही ठोकून आणतात, हे ती रोज बघत असते. तेव्हा आई, बाबा आणि दुपारी घरी असणारं मोठं माणूस, अशा तिघांच्या सह्या पहिल्याच दिवशी करून ठेवा. मधल्या सुट्टीत मुलाला घरी आणायचं असेल तेव्हा गेट पासवरही हीच सही ताडून बघतात.

रजेचा अर्ज प्रिन्सिपलच्या नावे, क्लास टीचरमार्फत द्यायचा. नाव, वर्ग, सेक्शन, रोल नंबर, कधीपासून कधीपर्यंत, कारण, सही. कारण नेमकं लिहा. "अर्जंट पीस ऑफ वर्क ॲट होम" हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं वाक्य वाचून कुणालाच काही कळत नाही. "घरी महालक्ष्म्या आहेत, दोन दिवस" असं सरळ लिहिलेलं चालतं, फक्त आधी लिहिलेलं हवं. या शाळांत आधी दिलेल्या अर्जाला मान आहे, नंतर सांगितलेल्या सबबीला रिमार्क. घोळ होतो तो भाद्रपदात, कारण अर्धवार्षिक परीक्षा त्याच सुमारास येते आणि बुडालेला पेपर सहसा पुन्हा घेत नाहीत. वर्षाचं कॅलेंडर हाती आलं की कालनिर्णय शेजारी ठेवून दोन्ही ताडून बघा. पेपर आणि महालक्ष्म्यांचं जेवण एकाच दिवशी आलं, तरी पेपर देऊन मूल दुसऱ्या पंगतीला पोचतंच.

आजारपणात मूल परत जाईल तेव्हा डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत द्या. त्यावर दोन तारखा लागतात : आजारी कधीपासून आणि शाळेत जायला योग्य कधीपासून. दुसरी तारीख राहून जाते आणि तो कागद पुढे कामाचा राहत नाही.

कामाचा म्हणजे कशासाठी, तर हजेरीसाठी. सीबीएसईच्या दहावी-बारावीला बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर 75 टक्के हजेरी लागते आणि ती 1 जानेवारीपर्यंतची मोजतात. समजा तोवर शाळा 180 दिवस भरली, तर 135 दिवस हजर असायलाच हवं. उरले 45. ऐकायला भरपूर वाटतात, पण टायफॉइडचे पंधरा, मामाच्या लग्नाचे सहा आणि "आज टेस्ट सिरीज आहे" म्हणून सोडलेले शनिवार धरले की दिवाळीपर्यंत संपतात. गंभीर आजार किंवा राष्ट्रीय पातळीवरचा खेळ असेल तर बोर्ड सूट देतं, पण शाळेने कागद जोडून प्रकरण पाठवलं तरच. भंवरकुआंच्या कोचिंगसाठी शाळा बुडवणं या कारणांत बसत नाही. हे स्पष्टच सांगायला हवं, कारण दरवर्षी काही घरं शाळा समजून घेईल या भरवशावर राहतात आणि डिसेंबरात प्रिन्सिपलच्या दारात उभी असतात.

आता पोशाख. टाय, बेल्ट, आयडी कार्ड, काळे बूट हे सगळ्यांना ठाऊक असतं. अडतं ते आपल्या घरच्या कार्यांपाशी. मेंदी उतरायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे लग्न शाळेच्या दिवसांत असेल तर आधी चिठ्ठी द्या, नाहीतर मुलीला रोज असेंब्लीत उत्तर द्यावं लागतं. मुंज शक्यतो सुट्टीत उरका. ते जमलं नाही आणि डोकं तासलेलं असेल, तर कारण डायरीत लिहा. जानवं शर्टाच्या आत असतं, त्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. मोबाईल सापडला तर तो मुलाला परत मिळत नाही, पालकांना जाऊन आणावा लागतो.

प्रार्थनेबद्दल घरोघरी जेवढी धास्ती असते, तेवढं कारण नाही. सकाळी असेंब्लीत प्रार्थना होते. कॅथलिक मुलं कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा अशी क्रुसाची खूण करतात. इतरांनी ती करायची नसते, हात जोडून शांत उभं राहायचं. कॅथलिक मुलांचा कॅटेकिझमचा, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाचा तास असतो तेव्हा बाकीच्यांना मॉरल सायन्स. राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेतसुद्धा अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येत नाही. आणि 2024 मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेच आपल्या शाळांना सांगितलं, की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका आणि असेंब्लीत राज्यघटनेची उद्देशिका म्हणा.

मात्र एक गोष्ट मुलाला घरीच समजावून सांगा. शाळा ज्या संताच्या नावाची, त्याच्या सणाला मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना असते. सेंट रॅफियलचा 29 सप्टेंबर, पीटर-पॉलचा 29 जून. मिस्सेत शेवटाकडे फादर पांढरी पातळ चकती देतात आणि लोक रांगेने पुढे जातात. आपल्या मुलांना वाटतं प्रसाद आहे, देवळात नाही का घेत, आणि ती भक्तिभावाने रांगेत लागतात. देवळातला प्रसाद सगळ्यांचा असतो, हा तसा नाही. कॅथलिकांसाठी ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर. बाप्तिस्मा होऊन, तयारी करून पहिला कम्युनियन, म्हणजे ही चकती पहिल्यांदा घेण्याचा विधी झालेल्यांनाच ते देतात. आपल्या मुलाने जागेवर बसून राहायचं, त्यात कुणाचा अपमान नाही. चुकून हातात घेऊन खिशात ठेवलं तर मात्र तिथल्या माणसांचं मन फार दुखावतं.

स्कूटीचा नियम शाळेचा कमी आणि कायद्याचा जास्त. सोळा वर्षांनंतर लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. घरची ॲक्टिव्हा त्यात येत नाही. अल्पवयीन मूल पकडलं गेलं तर 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद पालकाला किंवा गाडीच्या मालकाला होऊ शकते. शाळेच्या बाहेर, पानाच्या ठेल्यापाशी गाडी लावून आत जाणं ही पळवाट गेटवरच्या माणसाला चांगली माहीत असते.

राहिलं नववीचं रजिस्ट्रेशन. बोर्डाकडे नाव तेव्हाच जातं आणि दहावीच्या मार्कशीटवर तेच छापून येतं. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत, तर केजीच्या ॲडमिशनला कुणीतरी मधलं नाव गाळलेलं असतं. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेच्या रजिस्टरमध्ये तिसरं. शाळा सहीसाठी यादी किंवा प्रिंट घरी पाठवते तेव्हा जन्मदाखला समोर ठेवून मुलाचं, आईचं आणि वडिलांचं नाव एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. जोशीच्या शेवटी आय आहे की डबल ई, हेसुद्धा.