तुम्ही विचारलेत म्हणून : आपल्या मुली जिंकतात तरी कुठे?

भारतीय महिला फुटबॉल संघाचे सामने मी नेमाने पाहते हे कळले, की समोरून हमखास एकच प्रश्न येतो : "पण त्या जिंकतात तरी कुठे?" इतकी वर्षे मी त्याचे उत्तर तावातावाने देत आले. 1979 आणि 1983 च्या आशिया चषकात आपण उपविजेते होतो आणि 2010 पासून 2019 पर्यंत सॅफच्या, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या, पाचही स्पर्धा आपण जिंकल्या, हे मी पाढ्यांसारखे म्हणून दाखवत असे. चीनचा संघ त्या आशिया चषकात 1986 मध्ये प्रथम उतरला आणि लगेच विजेता झाला, ही गोष्ट मात्र मी सांगत नसे. मला ती ठाऊक होती.

माझ्या मनातून जात नाही तो जानेवारी 2022. आशिया चषक आपल्याकडे, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होता, आणि भारताचे पहिले दोन सामने आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर होते. कोरोनामुळे आत जाता येत नव्हते, म्हणून आम्ही टीव्हीसमोर बसलो. लेकीने वहीचे पान फाडून त्यावर गटाचा तक्ता आखला होता आणि 20 तारखेला इराणशी 0-0 अशी बरोबरी झाल्यावर भारतापुढे तिने पेन्सिलीने 1 गुण लिहिला. 23 तारखेला चिनी तैपेईशी, म्हणजे तैवानशी, सामना होता. जेवण लवकर उरकून आम्ही बसलो, आणि बातमी आली की संघातल्या इतक्या जणी बाधित आहेत की नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान 13 खेळाडूही उभ्या करता येत नाहीत. सामना झालाच नाही. भारताने माघार घेतली असे धरले गेले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द झाला. "म्हणजे ती मॅच झालीच नाही का?" असे लेकीने विचारले तेव्हा मला उत्तर सुचले नाही. उपांत्यपूर्व फेरी गाठली असती, तर तिथून विश्वचषकाचा रस्ता उघडा होता.

त्यानंतर कितीतरी दिवस मी सगळ्यांना सांगत राहिले की आपला संघ खेळात हरला नाही, त्याला आजाराने हरवले. हे खरे आहे आणि पुरेसे नाही. इराणचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदाच खेळत होता, सामना आपल्या घरच्या मैदानावर होता, आणि नव्वद मिनिटांत आपल्याला एक गोल करता आला नाही. त्याच वर्षी सॅफच्या उपांत्य सामन्यात नेपाळने आपल्याला 1-0 असे हरवले, तेव्हा तर आजाराचे कारणही नव्हते. तरीही तो गुण पुसला गेला याचा राग गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही, कारण त्या मुलींनी तो धावून मिळवला होता.

मग 5 जुलै 2025 चा दिवस आला. पुढच्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीत थायलंडशी सामना होता. चिआंग माईत, थायलंडच्याच मैदानावर, आपल्या संगीता बासफोरने 29व्या मिनिटाला गोल केला, थायलंडने बरोबरी साधली आणि 74व्या मिनिटाला तिनेच पुन्हा गोल केला. दोन विश्वचषक खेळलेल्या संघाला हरवून, पात्रता फेरी जिंकून आशिया चषकात जाण्याची ही भारताची पहिलीच वेळ होती. मी रडले. पण म्हणून 2022 ची भरपाई झाली का, असे तुम्ही विचाराल तर नाही. 2022 च्या त्या संघातल्या काही जणींना पुन्हा आशिया चषक खेळायला मिळालाच नाही.

लेकीचे ते पान माझ्याकडे आहे. भारतापुढचा 1 मी तिला खोडू दिला नाही.