मुकी गेला, तरी मी रेड सॉक्सचीच

"तुमच्या टीमने मुकी बेट्ससारखा हिरा देऊन टाकला. तो लॉस एंजेलिसला जाऊन वर्ल्ड सिरीजवर वर्ल्ड सिरीज जिंकतोय. तरी तू अजून त्याच टीमची कशी?" मी बोस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल टीमची चाहती, म्हणून हा प्रश्न मला ऑफिसमधले लोक विचारतात, मराठी मंडळातले विचारतात. (वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं विजेतेपद.) हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईत आला तेव्हापासून तर पुण्यातली भावंडंही विचारतात, कारण ट्रेड, म्हणजे करारातला खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन टाकणं, हे काय असतं ते आता त्यांनाही ठाऊक झालंय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. ट्रेडवर माझा राग नाही. ट्रेड कशासाठी केला, एवढंच मी बघते. जिंकण्यासाठी केला असेल तर माझा सगळ्यात लाडका खेळाडू गेला तरी मी ते सोसते. पैसे वाचवण्यासाठी केला असेल तर ते मी विसरत नाही आणि माफही करत नाही. पण माफ न करणं वेगळं आणि टीम सोडणं वेगळं.

बोस्टनमध्ये राहून हा फरक न कळणं अवघड आहे, कारण इथे 2004 घडलंय. नोमार गार्सियापारा तेव्हा या शहराच्या गळ्यातला ताईत होता. लागोपाठ दोन वर्षं, 1999 आणि 2000 मध्ये, त्याने लीगमधली सर्वोत्तम फलंदाजीची सरासरी राखली होती आणि फेनवे पार्क या आमच्या मैदानात दर तिसऱ्या पाठीवर त्याचं नाव दिसायचं. 31 जुलै 2004 ला, ट्रेडची मुदत संपता संपता, क्लबचा तिशीतला जनरल मॅनेजर थिओ एपस्टीनने त्याला शिकागो कब्जला देऊन टाकलं. चार टीम्समधला गुंतागुंतीचा व्यवहार होता तो. बदल्यात शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) ओरलँडो कॅब्रेरा आणि फर्स्ट बेसचा डग मिंटकेविच आले. त्यांची नावं ऐकून शहर हळहळलं. एपस्टीनचं म्हणणं सरळ होतं: आपलं क्षेत्ररक्षण कच्चं आहे, अशाने ऑक्टोबरमधल्या बाद फेरीत टिकणार नाही. त्याच दिवशी त्याने लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक चपळ खेळाडूही घेतला. त्या बातमीकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

पुढचं बोस्टनमधलं शेंबडं पोरही सांगेल. 17 ऑक्टोबरची रात्र, समोर न्यूयॉर्कचे यँकीज, चार विजय लागणाऱ्या मालिकेत आपण 0-3 ने मागे, नववा डाव, एका रनने पिछाडी आणि त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मारियानो रिव्हेरा. केव्हिन मिलारला वॉक, म्हणजे न मारताच फर्स्ट बेस, मिळाला आणि त्याच्या जागी पळायला रॉबर्ट्स आला. तो बेस चोरणार, म्हणजे चेंडू मारला जायची वाट न बघता सेकंड बेसकडे पळणार, हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला माहीत होतं, रिव्हेरालाही. रिव्हेराने तीनदा फर्स्ट बेसकडे चेंडू फेकून त्याला मागे रेटलं. मग फलंदाजाला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. फलंदाजामागे उभा असलेला कॅचर पोसाडाचा थ्रो चांगला होता, सेकंड बेसवर जीटरचा टॅगही (चेंडूने स्पर्श करणं) चांगला होता, पण रॉबर्ट्सचा हात बेसवर आधी पोचला. बिल मिलरच्या हिटवर तो घरी आला, म्हणजे रन पूर्ण झाला, बरोबरी झाली आणि बाराव्या डावात ऑर्टिझने होम रन मारून सामना काढला. मग रेड सॉक्सनी तो आणि पुढचे, असे सलग आठ सामने जिंकले, आणि 1918 नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज घरी आली. शेवटच्या बादचा चेंडू फर्स्ट बेसवर झेलणारा होता मिंटकेविच. नोमार गेला याचं दुःख मला आजही आहे. पण तो का गेला याचं उत्तर त्या ऑक्टोबरने चोख दिलं.

आता मुकी. 2011 च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) पाचव्या फेरीत घेतलेला नॅशव्हिलचा सडपातळ मुलगा. इथेच घडला, इथेच 2018 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकला. त्या सिरीजचा दुसरा सामना संपल्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यावर, तो बोस्टन पब्लिक लायब्ररीच्या बाहेर थंडीत झोपलेल्या लोकांना जेवणाचे ट्रे वाटत होता. त्याने स्वतः गाजावाजा केला नाही, बातमी दुसऱ्यांनीच सांगितली. असा खेळाडू आपल्या शहरात असणं हे भाग्य असतं, आणि ते टिकवायला मालकाने खिशात हात घालायचा असतो.

2019 चा सीझन संपताना मालक जॉन हेन्री यांनी उघडपणे सांगितलं, की पुढच्या वर्षी पगाराची बेरीज लक्झरी टॅक्सच्या रेषेखाली न्यायची आहे. 2020 साठी ती रेषा होती 20.8 कोटी डॉलर. रेषा ओलांडली तर दंड, सलग ओलांडत राहिलं तर दंडाचा दर चढत जातो, आणि एकदा खाली आलं की पाटी कोरी. फेब्रुवारी 2020 मध्ये मुकी बेट्स आणि डेव्हिड प्राइस डॉजर्सकडे गेले. प्राइसच्या उरलेल्या पगारातले 4.8 कोटी डॉलरही आपणच भरले. बदल्यात आले ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग.

क्लबची बाजू मला पाठ आहे. मुकीच्या करारात एकच वर्ष उरलं होतं, त्याला खुल्या बाजारात जायचं होतं, आज ना उद्या तो फुकटच गेला असता. मग त्याच वर्षी जुलैमध्ये, बाजार उघडण्याआधीच, त्याने डॉजर्सबरोबर 12 वर्षांचा 36.5 कोटी डॉलरचा करार कसा केला? मान्य, कोविडने सगळ्यांचीच गणितं बदलली होती. पण बोस्टनसारख्या श्रीमंत, भरलेल्या स्टेडियमच्या क्लबला त्याच्यासाठी थांबणं परवडत नव्हतं, हे मला कुणी पटवू शकलेलं नाही. मुकीशिवायच्या त्या पहिल्या, छोट्या सीझनमध्ये आपण 24 जिंकले, 36 हरलो आणि तळाला गेलो. डॉजर्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यांचा मॅनेजर होता डेव्ह रॉबर्ट्स.

मी बोस्टनच्या पश्चिमेला वुस्टरजवळ राहते. रेड सॉक्सची ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खालची, टीम 2021 पासून इथल्या पोलर पार्कमध्ये खेळते, त्यामुळे जीटर डाउन्सला मी अगदी जवळून पाहिलंय. यँकीजच्या डेरेक जीटरवरून आई-वडिलांनी नाव ठेवलेला हा मुलगा नेमका बोस्टनच्या वाट्याला आला. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) होऊन तो डगआउटकडे निघाला की आमच्या मागच्या रांगेतून एकजण ओरडायचा, "याच्यासाठी मुकी दिला!" दर वेळी. डाउन्स मान वर करायचा नाही, बॅट खांद्याला टेकवून त्याच चालीने चालत राहायचा. तेविशीचं पोर. त्याने काही हा सौदा मागितला नव्हता. मालकाच्या निर्णयाचा हिशोब लोक त्याच्याकडे मागत होते, आणि ते मला तेव्हाही सहन होत नव्हतं.

म्हणून 9 जुलै 2022 ची फेनवेवरची रात्र मला फार प्रिय आहे. यँकीज समोर, सामना दहाव्या डावात गेलेला, आपण मागे. डाउन्सने मेजर लीगमधली आपली पहिली हिट मारली आणि एक रन आत आणला. थोड्या वेळाने व्हर्डुगोच्या हिटवर विजयी रन घेऊन धावत घरी आला तोही डाउन्सच. मुकीच्या बदल्यात आलेल्या दोघांनी मिळून यँकीजना हरवलं होतं. त्या डिसेंबरमध्ये क्लबने डाउन्सला सोडलं. व्हर्डुगोला पुढच्या वर्षी यँकीजलाच दिलं. आज तिघांपैकी एकटा वाँग आपल्याकडे आहे.

हा राग खेळाडूकडे वळतो कसा, याचा विचार करताना मी बातम्या देणाऱ्यांपाशी येऊन थांबते. ट्रेड जाहीर झाल्यावर तासाभरात गुण वाटले जातात: अमुक टीमला ए, तमुक टीमला सी उणे. कोण जिंकलं, कोण फसलं. आलेला मुलगा किती वर्षं स्वस्तात वापरता येईल, गेलेल्याचा पगार किती सुटला, यावर रेडिओवर रात्र रात्र चर्चा चालते. हा सगळा मालकाचा जमाखर्च आहे. चाहत्याने तो का लिहावा? वाचलेल्या पैशातला एक डॉलरसुद्धा माझ्या तिकिटावरून कमी झालेला नाही. बोस्टनमध्ये तर गुंता आणखी वाढतो, कारण जॉन हेन्री 2013 पासून 'बोस्टन ग्लोब'चेही मालक आहेत, आणि सामने दाखवणाऱ्या नेसन चॅनेलचा मोठा हिस्सा त्यांच्याच कंपनीकडे आहे. ग्लोबच्या स्तंभलेखकांनी मालकावर कडक लिहिलंय, हे मी वाचलंय आणि त्याबद्दल त्यांचा आदर करते. तरीही टीम, पेपर आणि टीव्ही एका छताखाली असताना वाचकाने डोळे उघडे ठेवूनच वाचायला हवं.

आणि घाई! डिसेंबर 2023 मध्ये अनाहाइमहून टोरोंटोला निघालेल्या एका खासगी विमानात नवी टीम शोधणारा जपानी स्टार शोहेई ओहतानी बसलाय, अशी बातमी उठली आणि हजारो लोक त्या विमानाचा ठिपका नकाशावर सरकताना बघत बसले. विमानातून उतरला एक कॅनेडियन उद्योगपती. दुसऱ्या दिवशी ओहतानीने स्वतःच जाहीर केलं की तो डॉजर्सकडे जातोय.

ते निदान निरुपद्रवी होतं. विल्मर फ्लोरेसचं तसं नव्हतं. व्हेनेझुएलाचा हा मुलगा सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सकडे आला आणि तिथेच वाढला. 29 जुलै 2015 ला सामना चालू असतानाच तो मिलवॉकीला गेल्याची बातमी फुटली. प्रेक्षकांच्या फोनवर ती आधी पोचली. तो बॅटिंगला आला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, कशासाठी ते त्याला कळेना. कळल्यावर पुढच्या डावात तो शॉर्टस्टॉपच्या जागेवर उभा राहून बाहीने डोळे पुसत खेळत होता आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नव्हता. शेवटी तो सौदा फिसकटला. दोन दिवसांनी फ्लोरेसने बाराव्या डावात होम रन मारून मेट्सना सामना जिंकून दिला आणि बेस फिरून घरी येताना छातीवरचं टीमचं नाव मुठीत धरलं. मी मेट्सची नाही, पण हे दृश्य कधीही लागलं तरी हातातलं काम ठेवून बघते.

इथे पुण्यातली भावंडं विचारतात, "खेळाडूला विचारत नाहीत?" नाही विचारत. आयपीएलमध्ये ट्रेडला खेळाडूची संमती लागते. हार्दिकला स्वतःलाच मुंबईला परत जायचं होतं, असं गुजरातने सांगितलं होतं. वानखेडेवर त्याची जी हुर्यो उडवली गेली ती मला पटली नाही, पण निदान त्याची इच्छा विचारात तरी घेतली गेली होती. बेसबॉलमध्ये दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीमकडे काढल्यावर खेळाडूला नाही म्हणता येतं. नाहीतर करारात तसं वेगळं कलम लिहून घ्यावं लागतं. एवढा हक्कसुद्धा सहजासहजी मिळालेला नाही. सेंट लुईस कार्डिनल्सकडे बारा वर्षं खेळलेल्या कर्ट फ्लडला 1969 मध्ये फिलाडेल्फियाला पाठवायचं ठरलं. तो गेला नाही. मी कुणाच्या मालकीची वस्तू नाही, असं त्याने बेसबॉलच्या कमिशनरला लिहून कळवलं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं. 1972 मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला, आणि त्याची कारकीर्द तोवर संपली होती. पुढच्या खेळाडूंना मिळालेल्या कोट्यवधींच्या करारांमागे त्याची ती लढाई आहे. ट्रेडवर बोलणाऱ्या प्रत्येकाला त्याचं नाव माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आमचा फलंदाज राफाएल डेव्हर्सचं काय, हेही लगेच विचारलं जातं. जून 2025 मध्ये यँकीजना तिन्ही सामन्यांत हरवलं, शेवटच्या सामन्यात डेव्हर्सने होम रन मारला आणि काही तासांत तो सॅन फ्रान्सिस्कोचा झाला. 31.35 कोटी डॉलरचा करार करून अडीच वर्षंही झाली नव्हती. आधी त्याची थर्ड बेसची जागा काढून घेतली, मग फर्स्ट बेसवरचा माणूस जखमी झाल्यावर तिथे खेळ म्हणाले, तो नको म्हणाला. डेव्हर्सने हो म्हणायला हवं होतं. पण ज्याला दहा वर्षांसाठी घेतलं त्याच्याशी नीट बोलणं ही क्लबची जबाबदारी होती, आणि मोठी चूक मी तिथेच मानते.

मग मी राहिले का? कारण ही टीम जिंकण्यासाठीही ट्रेड करते, आणि तसं ती करते तेव्हा मला तिथे असायचं असतं. डिसेंबर 2024 मध्ये चार होतकरू मुलं देऊन शिकागो व्हाइट सॉक्सकडून पिचर गॅरेट क्रोशेला आणलं. त्यांतला कॅचर काइल टील मला वुस्टरला बघून फार आवडला होता. तो गेला, वाईट वाटलं, पण कारण स्वच्छ दिसत होतं. शिवाय या वेळी क्लबने खिसाही मोकळा केला आणि क्रोशेबरोबर सहा वर्षांचा 17 कोटी डॉलरचा नवा करार केला. 2025 मध्ये त्याने 255 फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं. 30 सप्टेंबरला बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात यँकी स्टेडियममध्ये तो आठव्या डावापर्यंत पिच करत राहिला, 11 जणांना गारद केलं आणि आपण 3-1 ने जिंकलो. मालिका पुढे हरलो, ते अजून बोचतंय.

डॉजर्सचा सामना टीव्हीवर असेल आणि मुकी बॅटिंगला येत असेल तर मी बघते, त्याने हिट मारली की टाळ्याही वाजवते. डॉजर्सची टोपी मात्र घेतलेली नाही, घेणारही नाही. उन्हाळ्यात तुम्ही इकडे येणार असाल तर तारखा आधी कळवा. क्रोशे ज्या दिवशी पिच करणार असेल त्या दिवसाची तिकिटं काढू.