'स्कम': आधी कुठलं बघावं?

'स्कम' ही ब्रिटनमधल्या गुन्हेगार पोरांच्या सुधारशाळेतल्या मारहाणीची आणि दादागिरीची गोष्ट. तिचा 1979चा सिनेमा बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण आधी बघावं ते बीबीसीचं 1977चं टीव्ही-नाटक. लेखक रॉय मिन्टन, दिग्दर्शक ॲलन क्लार्क आणि नायक कार्लिन झालेला रे विन्स्टन, तिघंही दोन्हीकडे तेच. बीबीसीने ते 'प्ले फॉर टुडे' मालिकेसाठी बनवलं आणि स्वतःच डब्यात टाकलं. दाखवलं थेट 1991मध्ये, क्लार्क गेल्यानंतर.

सुधारशाळेत असं काही घडतच नाही, हा बीबीसीचा मुख्य आक्षेप नव्हता. इतक्या भयंकर घटना एवढ्या कमी वेळात कोंबल्यात आणि वर चित्रण माहितीपटासारखं, त्यामुळे प्रेक्षकांची दिशाभूल होईल, हे दुखणं होतं. म्हणजे काम चोख झालं हीच तक्रार!

गोष्ट घडते ती बोर्स्टलमध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या एकविशीच्या आतल्या गुन्हेगार पोरांच्या तेव्हाच्या सुधारशाळेत. शिक्षेची मुदत पक्की नसे. तेव्हाच्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं. सुटका कधी, हे आतल्या वागणुकीवर. ही मेख लक्षात ठेवली की अधिकाऱ्यांपुढे पोरं एवढी दबून का असतात ते कळतं. मार खाल्लेला पोरगाही 'पडलो' म्हणतो, कारण नाव घेतलं तर रात्री पुन्हा मार.

कार्लिन मोज्यात बिलियर्डचे बॉल घालून हाणतो, तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. खरा मासला त्यानंतरचा. तो आपल्या विंगचा 'डॅडी', म्हणजे पोरांचा दादा, झाल्यावर अधिकारीच त्याच्याशी सौदा करतात: तू पोरांना गप्प ठेव, तुला स्वतंत्र खोली. फुकटात मुकादम मिळाला की!

टीव्ही-नाटकात हाच कार्लिन एका पोराला आपली 'मिसेस' व्हायला सांगतो. सिनेमात हा धागा उडवला, आणि तिथे माझ्या मते मोठं नुकसान झालं. सत्ता हाती आल्यावर त्याला काय हवंसं वाटतं, हे त्यातूनच दिसत होतं. ते गेल्यावर उरतो नुसता टणक हिरो; बघणारी पोरं टाळ्या वाजवतात त्या त्यालाच.

आर्चर हा दुसरा कैदी मात्र दोन्हीकडे फर्मास. शाकाहारी आहे म्हणून चामड्याचे बूट नाकारणारा. म्हाताऱ्या अधिकाऱ्याला तो शांतपणे समजावतो की ही व्यवस्था तुम्हालाही खातेय. म्हातारा ऐकून घेतो, मग भडकतो आणि त्याच्याच नावाने रिपोर्ट ठोकतो. ना मारामारी, ना रक्त. सिनेमा बघायला वेळ नसेल तर निदान हा प्रसंग तरी शोधून बघावा.