सिंगापूर ते न्यूयॉर्क, उगाचच

दुपारी काही सुचेनासं झालं की मी फोनवर दोन शहरं टाकून त्यांच्यातलं अंतर बघत बसतो. जायचं कुठेच नसतं. काल सिंगापूर ते न्यूयॉर्क टाकलं, 15,300 किलोमीटरच्या वर आणि नॉनस्टॉप जवळजवळ एकोणीस तास. म्हणजे माणूस जेवतो, झोपतो, उठून दोन सिनेमे बघतो, परत झोपतो आणि समोरच्या स्क्रीनवरचं पिटुकलं विमान अजून समुद्रावरच! (मला सिनेमापेक्षा तो नकाशाच जास्त आवडतो.)

शाळेत असताना भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावून आम्ही अंतरं मोजायचो. एकदा बाईंनी पृथ्वीचा गोल आणला, दोऱ्याचं एक टोक मला लंडनवर धरायला लावलं, दुसरं स्वतः टोकियोवर धरून दोरा ताणला, तर तो सरळ पूर्वेला जायचं सोडून सर्रकन वर सरकला आणि रशियाच्या पार डोक्यावर जाऊन बसला. वर्ग हसला. मला मात्र पट्टीचा राग आला, तो अजून आहे.

आता राग येतो तो जाण्यायेण्याला एकच वेळ सांगणाऱ्या साइट्सचा. किलोमीटर भागिले वेग, झालं काम. अरे, वर दहा-बारा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा सुटलेला असतो त्याचं काय? फेब्रुवारी 2020 मध्ये एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं, त्याच रस्त्याने उलट जायला सात-आठ लागतात. एअर इंडियाने तर 2016 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. किलोमीटर वाढले पण वारा पाठीशी, त्यामुळे लवकर पोचायला लागलं. हे वाचून मला दिवसभर उगाच छान वाटत होतं.

आणि वारा एकवेळ परवडला. हेलसिंकी–टोकियो पूर्वी साडेनऊ तासांचं होतं, 2022 मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यापासून तेराच्या आसपास लागतात, कधी उत्तर ध्रुवावरून तर कधी दक्षिणेकडून वळसा मारून. साइटवर अंतर तेच, 7,800 च्या आसपास.

मग कशी कोण जाणे बोटं कीव ते वॉर्सा टाइप करून गेली. 700 किलोमीटरच्या आत, विमानाने तास-दीड तास, असं साइटने बिनधास्त सांगितलं. युक्रेनचं आकाश 24 फेब्रुवारी 2022 ला प्रवासी विमानांना बंद झालं. लोक पोलंडच्या हद्दीवरून रात्रभराच्या ट्रेनने कीवला जायला लागले. 2023 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बायडन गेले तेही ट्रेननेच, दहाएक तास.