गवतच ना ते? मग लावायला एवढं अवघड काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. समुद्री गवत पुन्हा लावायच्या कामाबद्दल नाशिकमध्ये कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. निफाड-लासलगावकडचे शेतकरी तर हमखास विचारतात, "गवतच ना ते? आमच्याकडे नको तिथे उगवतं. तुम्हाला त्याचा एवढा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याला बेणं, फुटवा, मूळकूज, चोपण जमीन हे सगळं हाताने ठाऊक असतं, त्यामुळे उत्तरही शेतीच्या भाषेतच देता येतं.

आधी ओळख करून देते. समुद्री गवत हे शेवाळ नाही. त्याला खरी मुळं असतात, वाळूत आडवं सरकणारं खोड असतं, पानं, फुलं, बिया असतात. जमिनीवरच्या वनस्पतींपैकी काही फार पूर्वी पुन्हा खाऱ्या पाण्यात उतरल्या, त्यांचे हे वंशज. जगात त्यांच्या साधारण 70 जाती आहेत. आपल्या देशात ती मुख्यतः पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचं आखात, लक्षद्वीप, अंदमान आणि कच्छच्या आखातात सापडतात. नावात गवत असलं तरी ज्वारी-बाजरीच्या कुळाशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्यापैकी काहींचा जवळचा नातेवाईक मात्र नाशिककरांच्या घरात असतो: मत्स्यपेटीत लावतात ती लांब फितीसारख्या पानांची वॅलिसनेरिया. समुद्रातली एनहॅलस तिच्याच कुळातली. दोघींची नर फुलं पाण्याखाली देठापासून सुटतात, साबुदाण्याच्या दाण्यांसारखी वर येऊन तरंगतात आणि वाहत वाहत पृष्ठभागावर उमललेल्या मादी फुलाला जाऊन भिडतात. मत्स्यपेटीत फुलं आलीच तर भिंग घेऊन जरूर बघा.

आता अवघड काय ते सांगते. पहिली अडचण उजेडाची. दाट जंगलात सावलीत वाढणाऱ्या झाडांना वरच्या उजेडाचा एखादा टक्काही पुरतो. समुद्री गवताला सरासरी 11 टक्के लागतो, काही जातींना 20 टक्क्यांहून जास्त. याचं कारण मातीत आहे. समुद्रतळाच्या चिखलात वरचे काही मिलिमीटर सोडले तर प्राणवायू नसतोच. पानांनी दिवसा तयार केलेला प्राणवायू खोडातल्या पोकळ्यांमधून मुळांपर्यंत पोचतो, आणि त्यावरच मुळं जगतात. उजेड कमी पडला की हा पुरवठा आटतो. चिखलातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करत असतात, ते मुळांत शिरतं आणि कोंब बुडातून कुजतो. तळाची माती काढल्यावर ती काळी निघाली आणि सडक्या अंड्याचा भपकारा आला, तर तिथे लागण करू नये.

म्हणून रोपांच्या आधी एकच गोष्ट शोधायची असते: इथलं गवत का गेलं, आणि ते कारण आज संपलंय का? माझ्या मते सगळं काम या एका प्रश्नावर उभं राहतं किंवा पडतं. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या उथळ खाड्यांमधलं झोस्टेरा हे गवत 1930 च्या दशकात रोगाने आणि 1933 च्या चक्रीवादळाने साफ झालं. पुढे पाणी चांगलं राहिलं, पण जवळपास कुठे बी उरलंच नव्हतं, आणि हे बी मूळ झाडापासून फार लांब जात नाही. 1999 पासून तिथे सात कोटींहून जास्त बिया 213 हेक्टरवर फेकून पेरल्या. त्यातल्या बहुतेक उगवल्या नाहीत. ज्या उगवल्या त्यांनी स्वतःचं बी टाकलं आणि दोन दशकांत गवत 3,600 हेक्टरांवर पसरलं. तिथे बी सोडून कशाचीच कमतरता नव्हती, म्हणून ते साधलं. जिथे गढूळपणा, तळ खरवडणारी ट्रॉल जाळी किंवा सांडपाणी चालूच आहे, तिथे कितीही बेणं लावलं तरी ते मरतं.

जागा ठरली की बेण्याकडे वळायचं. पाल्कच्या सामुद्रधुनीत बहुतेक वेळा बी न पेरता खोडाचे तुकडे लावतात. तुकडा हाताने वाळू सैल करून काढायचा. ओढला तर तुटतो. त्याला तीन-चार फुटवे हवेत आणि टोकाचा वाढता कोंब शाबूत हवा. उसाच्या टिपरीवर डोळा नसेल तर ती लावून उपयोग नाही, तसंच हे. कोंब मोडलेला तुकडा महिनाभर हिरवा दिसतो, पण पुढे सरकतच नाही. एकाच ठिकाणचं गवत भसाभस उपटायचं नाही. थोडं इथून, थोडं तिथून घ्यायचं, नाहीतर चांगल्या कुरणात खड्डा पडतो आणि लाटा तो खड्डा आणखी रुंद करत जातात. काढलेलं बेणं समुद्राच्याच पाण्यात, सावलीत ठेवायचं आणि त्याच दिवशी लावायचं. कांद्याचं रोप उपटून रात्रभर ठेवलं तरी सकाळी लावता येतं, हे तेवढं सोसत नाही.

लावायला बांबूची साधारण एक मीटरची चौकट करतात. तिच्यावर काथ्याच्या दोऱ्या ताणायच्या आणि दोऱ्यांना तुकडे बांधायचे. गाठ सैल हवी. करकचून बांधलं की वाढतं खोड तिथेच कापलं जातं. सुका बांबू तरंगतो, त्यामुळे चारही कोपरे खुंट्यांनी किंवा दगडांनी दाबावे लागतात. खोड वाळूखाली दोन-तीन सेंटीमीटर जायला हवं. त्याहून खोल गेलं तर पानं फुटण्याची जागाच गाडली जाते, आणि उघडं राहिलं तर पहिल्या उधाणात उचललं जातं. मुळं धरेपर्यंत बांबू आणि काथ्या टिकतात, मग आपोआप कुजतात. प्लास्टिकच्या पाइपची चौकट नंतर काढावी लागते, आणि ती काढताना नवी मुळं उपटली जातात. पाल्कच्या सामुद्रधुनीत ऑक्टोबर ते डिसेंबर हे ईशान्य मोसमी वाऱ्यांचे महिने टाळायचे.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळ तर गोणपाट वापरतात. तिथल्या ॲम्फिबोलिस या गवताचं बी आईच्या अंगावरच उगवतं आणि सुटलेल्या रोपाच्या बुडाशी कंगव्यासारखी आकडी असते. वाळू भरलेली गोणी तळावर टाकली की वाहत आलेली रोपं तिच्या धाग्यांत अडकून मुळं धरतात. गोणी कुजते, रोप राहतं. लावणारा हात लागतच नाही; मला ही पद्धत सगळ्यांत शहाणी वाटते.

जात निवडतानाही घाई नडते. हॅलोफिला ओव्हॅलिस वर्षाला मीटरच्या हिशेबाने पसरते, एनहॅलस जेमतेम काही सेंटीमीटर. मोकळ्या वाळूवर आधी चपळ जात धरू द्यावी. आणि लहान जागेतली लागण बहुधा फसते. दाट गवत पाण्याचा वेग मोडतं, गाळ खाली बसतो, पाणी निवळतं, उजेड वाढतो आणि गवत आणखी वाढतं. चार चौकटींना हे चक्र सुरू करता येत नाही. जगभरच्या 1,786 प्रयत्नांचा एक आढावा 2016 मध्ये निघाला. त्यात टिकण्याचं प्रमाण 37 टक्क्यांच्या आसपास होतं, आणि लाखाच्या वर रोपं किंवा बिया लावलेले प्रयत्न जास्त यशस्वी ठरले होते. पण म्हणून आधीच लाख लावू नयेत. दोन-तीन ठिकाणी चाचणीच्या चौकटी ठेवून वर्षभर बघावं, जिथे फुटवे वाढतील तिथेच हात सैल सोडावा. पहिल्या महिन्यात पानं पिवळी पडून गळतात, त्यावरून निर्णय घ्यायचा नाही.

"मग कांदळवन तरी लावायला येऊ का?" हा पुढचा प्रश्न, विशेषतः जूनमध्ये. तिथेही तेच आहे. तमिळनाडूत पिचावरमला तोडलेल्या कांदळवनाची जमीन खचून बशीसारखी झाली, भरतीचं पाणी साचून आटत राहिलं आणि मीठ इतकं चढलं की रोप धरेना. उपाय निघाला चरांचा: एक मोठा चर, त्याला माशाच्या काट्यासारखे तिरके लहान चर, म्हणजे भरतीचं पाणी आत येईल आणि ओहोटीला निघून जाईल. मग रोपं जगली. कालव्याखाली चोपण झालेली जमीन चर काढून सुधारणाऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. उघड्या चिखलपट्टीवर किंवा समुद्री गवतावर खारफुटी लावणं मात्र सरळ नुकसानीचं आहे. रोप बुडून मरतं आणि खालचं गवतही जातं.

नाशिकमधून काय करता येईल? त्र्यंबकच्या डोंगरातून गोदावरी बंगालच्या उपसागराकडे जाते आणि वैतरणा अरबी समुद्राकडे, म्हणजे आपली माती आणि आपला युरिया दोन्ही समुद्रांच्या वाटेवर आहेत. पाण्यात नत्र वाढलं की गवताच्या पानांवर शेवाळाचा थर चढतो आणि उरलासुरला उजेडही जातो. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीत पानवेलीखाली तळाच्या वनस्पतींचं हेच होतं. पाण्यात उजेड किती खोल जातो ते मोजायला महागडं यंत्र लागत नाही.

20 सेंटीमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या, चार भाग आखून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मधोमध भोक पाडून खाली वजन आणि वर दोरी बांधा. दोरीला दर 10 सेंटीमीटरवर खूण करा. सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळात, बोटीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल न लावता चकती सोडा. दिसेनाशी होते ते माप लिहा, मग ओढताना पुन्हा दिसते ते लिहा, आणि दोन्हींची सरासरी घ्या. तेवढ्या खोलीवर ढोबळमानाने 18 टक्के उजेड असतो, दीडपट खोलीवर 8 टक्क्यांच्या आत. मेमध्ये एकदा, पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मोजा, तिन्ही वेळा त्याच जागी.