पुस्तक मिटून सांग: परीक्षेच्या तयारीत पालकांनी धरायची कामं

परीक्षा जवळ आली की घरात दिवसातून चार वेळा ऐकू येणारा प्रश्न म्हणजे "किती झालं?" आणि त्याचं ठरलेलं उत्तर, "झालं वाचून." यातून ना विचारणाऱ्याला काही कळतं, ना सांगणाऱ्याला. मुलांकडून तयारी करून घेताना आमच्याकडे जी पद्धत बसत गेली तिचा गाभा एवढाच: शिकवण्याचं काम शिक्षकांवर सोडायचं आणि पालकांनी दोनच गोष्टी हातात धरायच्या. पुस्तक मिटून विचारायचं आणि घड्याळ सांभाळायचं. विषय आपल्याला येत नसला तरी ही दोन्ही कामं करता येतात.

सुरुवात वेळापत्रकाने करू नये. रंगीत पेनांनी आखलेलं वेळापत्रक हा अभ्यास टाळण्याचा सगळ्यात सुबक मार्ग आहे. आम्ही आधी परीक्षेचा आराखडा समोर घेतो: कोणत्या घटकाला किती गुण, प्रश्न कोणत्या प्रकारचे, वेळ किती. समजा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा आहे. १८० मिनिटांतली १० वाचायला आणि १० तपासायला बाजूला काढली की १६० उरतात, म्हणजे एका गुणाला दोन मिनिटं. हा हिशेब मुलाच्या डोक्यात पक्का बसला पाहिजे. पाच गुणांचं उत्तर बाराव्या मिनिटालाही चालूच असेल, तर पुढच्या प्रश्नाचा वेळ त्यात जातोय हे त्याला स्वतःला जाणवायला हवं.

मग घटकांची यादी करायची आणि प्रत्येकापुढे खूण: येतं, अडखळतं, येत नाही. ही खूण मुलाला विचारून करायची नाही. धडा नुकताच वाचलेला असला की ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं ते येतंच असं प्रत्येकालाच वाटतं, मोठ्यांनासुद्धा. म्हणून प्रत्येक घटकावर दोन प्रश्न, पुस्तक बंद, आणि त्यावरून खूण. पहिल्या फेरीत "येतं"ची यादी निम्म्यावर आली तर घाबरू नये. वेळ कुठे घालायचा ते कळावं, यासाठीच ती फेरी असते.

पुस्तक मिटण्याचा एवढा आग्रह का, याचं उत्तर रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात आहे. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने पहिल्या बैठकीतच काय ते वाचलं आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवत होता आणि वाचणाऱ्यांना सुमारे ४०. "रात्री तर येत होतं, पेपरात गेलं" ही तक्रार इथूनच येते. तीन-तीन रंगांच्या हायलायटरने रंगवलेलं पुस्तकही याच जातीचं: हात चालतो, डोकं बसून राहतं.

विचारायची रीत अशी. धडा वाचून झाला की कोरा कागद, दहा मिनिटं, आठवेल ते सगळं लिही. मग पुस्तक उघडायचं आणि सुटलेलं वेगळ्या रंगाच्या पेनाने मुलानेच भरायचं. तो दुसरा रंग हाच उद्याचा अभ्यास. तोंडी विचारताना पुस्तक आपल्या हातात ठेवायचं, आणि मूल अडलं की लगेच सांगायचं नाही. मनात दहापर्यंत मोजायचं. त्या शांततेतच आठवण्याचं काम चालू असतं आणि पालक नेमके तिसऱ्या सेकंदाला उत्तर देऊन टाकतात. विषय आपल्याला अगदीच परका असेल तर तीन प्रश्न पुरतात: हे असंच का होतं? एखादं उदाहरण दे. यात आणि मागच्या धड्यातल्या गोष्टीत फरक काय? घोकून आलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं.

तोच घटक उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने पुन्हा विचारायचा. थोडं विसरायला वेळ देऊन परत आठवायला लावलं की ते जास्त टिकतं. सूत्रं, व्याख्या, सनावळ्या, शब्दार्थ यांसाठी कार्डं आणि तीन डबे पुरतात. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या डब्यात जातं, चुकलेलं थेट पहिल्यात. कार्डं मुलानेच लिहायची. आईने सुवाच्य अक्षरात करून दिलेली कार्डं दिसायला सुरेख असतात, पण ती लिहिताना झालेला अभ्यास आईचा.

आता चुकांची वही. माझ्या मते सगळ्या तयारीत हिच्याइतकी कामाची दुसरी वस्तू नाही. रकाने चार: प्रश्न, नेमकं कुठे बिनसलं, प्रकार, पुन्हा सोडवल्याची तारीख. प्रकार पाच ठेवावेत: माहीत नव्हतं, आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, मांडणीत घसरलं, वेळ संपला. "सिली मिस्टेक" हा प्रकार या वहीत लिहायला बंदी, कारण त्या शब्दाखाली काहीही झाकता येतं. एक उदाहरण बघा. −३(क्ष − ४) = १५ हे समीकरण. मुलाने लिहिलं −३क्ष − १२ = १५ आणि उत्तर काढलं −९. "घाई झाली" म्हणून ते सोडून दिलं तर पुढच्या पेपरात तीच चूक पुन्हा दिसणार. वहीत असं लिहायचं: "कंसाबाहेर ऋण चिन्ह असताना दुसऱ्या पदाचं चिन्ह बदललं नाही. −३ गुणिले −४ म्हणजे +१२." मग −३क्ष + १२ = १५, आणि क्ष = −१. खाली उपाय: उत्तर मूळ समीकरणात घालून बघणं. −९ घातलं तर डावीकडे ३९ येतात, चूक तिथल्या तिथे सापडते, आणि याला अर्ध मिनिटही लागत नाही.

दर रविवारी ही वही उघडून प्रकार मोजायचे. "माहीत नव्हतं" जास्त असेल तर धडा परत शिकायला हवा, शिक्षकांना विचारायला हवं. "नीट वाचला नाही" जास्त असेल तर आणखी अभ्यास करून काही उपयोग नाही. प्रश्नातला "नाही", "चुकीचा", "कोणतेही दोन", एकक, यांखाली रेघ मारायची सवय लावायची. रोग एक आणि औषध भलतंच, हा प्रकार मी ट्यूशनच्या बाबतीत सर्रास पाहते. वेळ कमी पडणाऱ्या मुलाला आणखी एक क्लास लावतात आणि त्याचा सरावाचा उरलासुरला वेळही जातो.

सराव पेपर द्यायचा तो पूर्ण वेळेचा, शक्यतो खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, मोबाइल दुसऱ्या खोलीत, मध्ये उठणं नाही. मागच्या वर्षांचे सगळे पेपर सुरुवातीलाच संपवू नका. सगळ्यात अलीकडचे दोन शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा. आठवड्याला दोन पेपर भरपूर झाले, कारण सोडवायला तीन तास लागले तर तपासणी आणि वही यांना निदान दीड तास हवा. रोज एक पेपर आणि तपासणी शून्य, यात हात दमतो आणि गुण जागेवर राहतात. आधी मुलाने उत्तरसूची घेऊन स्वतः गुण द्यावेत, मग आपण बघावेत. पायऱ्यांचे गुण कुठे गेले हे त्याला तेव्हाच दिसतं.

बहुपर्यायी परीक्षेत उणे गुणांचा हिशेब आधीच करून ठेवायचा. चार पर्याय, बरोबरला ४, चुकीला −१ असेल तर निव्वळ अंदाजाने मारलेल्या उत्तराची सरासरी पाव गुण पडते. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर ती सुमारे ०.६७ होते. बरोबरला १ आणि चुकीला एक तृतीयांश वजा असेल तर निव्वळ अंदाजातून हाती शून्य. नियम परीक्षेपरीक्षेला बदलतात, म्हणून सूचनापत्र वाचून आकडे मांडायचे. ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे उत्तरांचे गोल काळे करायच्या कागदावर, एक ओळ सरकली की पुढचं सगळं सरकतं. दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवून बघायची सवय घरच्या सरावातच लावावी.

आता आपल्या स्वतःच्या वागण्याबद्दल. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की, ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, ते गृहपाठात जितकी वारंवार मदत करत तितकी त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीतीही वाढली. तेव्हा गणित पाहून आपल्याच पोटात गोळा येत असेल तर ते काम दुसऱ्याकडे द्यावं आणि आपण भूगोल विचारावा. दिवसातून एक ठरलेली वेळ, पंधरा मिनिटं, अभ्यासाबद्दल बोलायला. "किती झालं"च्या जागी "आज पुस्तक मिटून काय सांगता येईल?" एवढंच. बाकी वेळ परीक्षेचा विषय काढायचा नाही, आणि शेजारच्या मुलाचे टक्के तर मुळीच नाहीत.

झोपेत काटछाट करू नये. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्यांना ८ ते १० तास, ही अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१६ मधली शिफारस आहे. रात्री जागायची सवय झालेली असेल तर ती एका रात्रीत मोडत नाही. झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची, म्हणजे हे काम परीक्षेच्या निदान दहा दिवस आधी सुरू व्हायला हवं.

धास्ती फार असेल तर पेपरापूर्वी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढण्याचा उपाय आहे. २०११ मध्ये रामिरेझ आणि बायलॉक यांनी तो तपासला, तेव्हा जास्त घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारलेली दिसली. मात्र आधी घरच्या सराव पेपराला करून बघावं, सगळ्यांनाच ते रुचत नाही. भूक, झोप कित्येक दिवस बिघडली असेल, मूल रडवेलं होत असेल तर समुपदेशक किंवा डॉक्टर गाठावा. तिथे वेळापत्रक बदलून भागत नाही.

आदल्या दिवशी नवीन काही नाही. चुकांची वही आणि पहिल्या डब्यातली कार्डं, बस्स. प्रवेशपत्र, ओळखपत्र, चालवून पाहिलेली दोन पेनं, परवानगी असेल तर काट्यांचं घड्याळ, हे संध्याकाळीच पिशवीत. दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर उत्तरं जुळवायची नाहीत. प्रश्नपत्रिका हातात मिळाली असेल तर ती पाकिटात घालून ठेवायची, आणि शेवटचा पेपर झाला की चुकांच्या वहीसोबतच काढायची.