दुरून वापरता येणाऱ्या संगणकांची नोंद

आपल्या नेटवर्कवरील कोणते संगणक दुरून वापरता येतात, याची नोंद ठेवणे मला अत्यंत आवश्यक वाटते. १९९७ पासून उपलब्ध असलेल्या एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या साधनाने दुरून संगणक वापरण्याच्या तीन पद्धतींचे पोर्ट (जोडणीचे क्रमांकित मार्ग), म्हणजे एसएसएचचा २२, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ आणि व्हीएनसीचा ५९००, तपासले की उत्तर देणारी यंत्रे कळतात. अर्थात, परवानगी असलेल्या नेटवर्कवरच असे स्कॅन करावे. खरी अडचण ओळख टिकवण्याची आहे, कारण पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीमुळे संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील क्रमांक) बदलू शकतो आणि कालचाच संगणक आज नवा भासतो. म्हणून मी एसएसएचच्या होस्ट कीचा (संगणकाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीचा) ठसा नोंदवतो, जो पत्ता बदलला तरी सहसा तोच राहतो. मात्र एकाच इमेजवरून (तयार साच्यावरून) निष्काळजीपणे उभारलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या (सॉफ्टवेअरमधील आभासी संगणकांच्या) होस्ट कीही सारख्या निघू शकतात, त्यामुळे मॅक पत्ताही (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) सोबत नोंदवावा.